सगळ्यांचे हात वर

आमच्या घरात कुठलीही गोष्ट करायची म्हणजे आधी हात वर करावे लागतात. नवीन माणसाला याची गंमत वाटते. आमच्याबरोबर आठवडाभर सुट्टीवर यावं, मग कळेल किती गंमत आहे ती.

मुलगा आणि मुलगी लहान असताना एकदा गाडीच्या मागच्या सीटवर इतके भांडले, की ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. "तुमचं तुम्ही ठरवा, तोवर गाडी हलणार नाही," असं सांगून हे खाली उतरून सिगारेट ओढत बसले. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "ठरलं!" दोघांचेही हात वर असतील तरच ती गोष्ट करायची, एकाचा जरी खाली राहिला तरी नाही, असा नियम दोघांनी केला होता. आम्हाला केवढं कौतुक! मी शाळेत चार बायकांना सांगितलंसुद्धा.

आता मुलगा मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक आहे आणि त्याच्या कानाशी केस पिकलेत. मुलगी कोर्टात दुभाषी आहे, दिवसभर दुसऱ्यांची भांडणं या भाषेतून त्या भाषेत नेते. आणि तो नियम अजून चालू आहे. मधल्या काळात सून आली, तिचा हात वाढला. हे गेले, एक हात कमी झाला. मी आहेच. नातीचा हात मात्र धरत नाहीत. दहा वर्षांखालचे हात मोजायचे नाहीत, असं एकदा सगळ्यांनी हात वर करून ठरवलं.

नातीला आम्ही खारूताई म्हणतो. एका जागी बसत नाही आणि गालात सतत काहीतरी असतं, म्हणून.

या वर्षी आम्ही खाडीवर आलो ते तिच्यासाठी. ही खाडी आमच्या घरच्यासारखी. समुद्राचं पाणी दोन डोंगरांच्या मधून आत शिरतं, आत येऊन पसरतं आणि मधोमध एक चपटा खडक डोकं वर काढून बसतो. त्याला आम्ही कासवखडक म्हणतो. मुलगा खारूताईच्या वयाचा असताना स्वतः होडी वल्हवत तिथे गेला होता. मुलगीही गेली होती. दोन्ही वेळा मी होडीत मागे बसले होते. या सुट्टीत पाळी खारूताईची, असं तिला कबूल केलेलं होतं, आणि गेलं वर्षभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तिला वल्हवायला मी शिकवलं, तेही आमच्या दिवाणखान्यात. बुटक्या स्टुलावर बसायचं, पाय सोफ्याला टेकवायचे, दोन्ही हातांत एकेक झाडू. "नुसत्या हातांनी ओढू नकोस, पाठीनं ओढ. पाणी जड असतं." एक फुलदाणी फुटली आणि गालिच्याला भोक पडलं, पण पोरीची पाठ बरोबर चालायला लागली. मग मी तिला दिशा धरायला शिकवलं. होडी वल्हवताना माणूस उलटा बसतो, जायचं ते ठिकाण पाठीमागे राहतं आणि समोर दिसतो तो सोडलेला किनारा. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची, एक लांबची, आणि त्या एका ओळीत ठेवायच्या. लांबची खूण ज्या बाजूला सरकली, त्या बाजूचं वल्हं जोरात ओढायचं. आमच्या दिवाणखान्यात जवळची खूण म्हणजे दिव्याचा खांब आणि लांबची म्हणजे घड्याळ. तिला हे एकदा सांगितलं आणि समजलं. लहान मुलांना शिकवण्यात कसला त्रास? त्रास मोठ्यांचा.

पहिला दिवस तंबू कुठे ठोकायचा यात गेला. मुलाला सावली हवी होती, मुलीला पाणी दिसायला हवं होतं. शेवटी तंबू अशा जागी ठोकला गेला, की सावली नाही आणि पाणीही नाही, समोर फक्त दुसऱ्यांचे तंबू. पण सगळ्यांचे हात वर होते.

दुसऱ्या दिवशी वारा होता, म्हणून सुनेचा हात खाली. ती औषधांच्या दुकानात काम करते. माणसाला काय काय होऊ शकतं हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत, त्यामुळे तिचा हात तसाही जडच. त्याच्या पुढच्या दिवशी वारा पडला, तर मुलीचं डोकं दुखत होतं. "तुम्ही जा ना, माझ्यासाठी नका थांबू," असं ती म्हणाली, पण हात काही वर केला नाही. नंतरचा दिवस सगळ्यांचे हात वर होईपर्यंत मावळला. मग एक दिवस मुलाने होडीत न्यायच्या सामानावर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यात संध्याकाळ झाली.

दर सकाळी खारूताई लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर जाऊन बसायची. दर संध्याकाळी काढून ठेवायची. सुरुवातीला ती विचारायची, "आज?" नंतर विचारणं बंद केलं. पोरं हट्ट करतात तोवर मला काळजी नसते. गप्प झाली की माझं डोकं तापतं.

असं करत शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

मी लवकर उठून होडीवालीकडे गेले. ही बाई धक्क्याजवळ राहते आणि होड्या भाड्याने देते. तोंडाने फटकळ, पण माझी जुनी ओळख.

"आज तरी नेणार का पोरीला?" ती म्हणाली. "तुमच्या होडीवर पाखरांनी घरटं बांधायचं तेवढं राहिलंय."

"नेणार. पाणी कसं आहे?"

"आत्ता भरलेलं आहे. पण उतरायला लागलं की धक्क्यापाशी भराभर उतरतं, नुसता गाळ राहतो. मधे खोल आहे, तिथे काही नाही. तुम्ही लवकर सुटा. येताना माझ्या पायऱ्यांशी लावा, तिथे ओहोटीलाही पाणी असतं."

मी परत आले, सगळ्यांना उठवलं आणि सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा झाला. मग उकडलेली अंडी कोणी आणायची होती यावर बोलणं झालं. टोप्या सापडल्या, सनस्क्रीन सापडलं, परत हरवलं. मुलगा पट्ट्यापट्ट्यांची मोठी छत्री, दोन घडीच्या खुर्च्या आणि चिठ्ठी लावलेला डबा घेऊन आला.

"खुर्च्या कशाला?" मी विचारलं.

"आई, खडकावर बसायला काही नको का?"

"अरे, खडक कशाला असतो?"

धक्क्यावर होडी डुलत होती. खारूताई आधीच जाऊन मधल्या फळीवर बसली होती, दोन्ही वल्ही कड्यांत अडकवून. ती वाटच बघत होती.

"एक मिनिट," मुलगा म्हणाला. "आधी ठरवून घेऊ. वल्हवणार कोण?"

मी डोळे मिटले.

"म्हणजे काय?" मुलगी म्हणाली. "ती वल्हवणार. त्यासाठीच आलोय ना आपण?"

"ती वल्हवेलच गं. पण जाताना मी, येताना ती. जाताना प्रवाह कसा आहे ते बघायला नको?"

"मला वाटतं, दोघांनी एकेक वल्हं घ्यावं," सून म्हणाली.

"एकेक घेतलं की होडी गोल फिरते," मी म्हटलं.

"आई, तुम्ही जरा थांबता का? आमचं ठरू दे."

आणि मग सुनेलाच एक कल्पना सुचली. "उभं राहून बोलण्यापेक्षा होडीत बसून ठरवू या. म्हणजे ठरलं की लगेच निघता येईल. तेवढाच वेळ वाचेल."

त्या आठवड्यात एवढ्या झटपट कधीच काही ठरलं नव्हतं. सगळ्यांचे हात एकदम वर गेले. माझासुद्धा. आम्ही एकेक करून उतरलो, होडी एकेकदा खाली दबली, आणि सगळे बसलो. सून पुढे, औषधांची पिशवी मांडीवर. मुलगा आणि मुलगी समोरासमोर, मधे खुर्च्या आणि छत्री. मी मागे, माझ्या जुन्या जागेवर. मध्यभागी खारूताई, हातात वल्ही, कोणी सांगतंय का याची वाट बघत.

"मी तर माझ्या वेळी एकटीने गेले होते," मुलगी म्हणाली. "मला कुणी मदत केली नव्हती."

"तू?" मुलगा हसला. "अर्ध्या रस्त्यात रडायला लागलीस. पुढचं सगळं मी वल्हवलं."

"दादा, तू त्या दिवशी होडीत नव्हतास!"

"नव्हतो? मग तुला चॉकलेट कोणी दिलं?"

"ते परत आल्यावर! धक्क्यावर! आणि ते अर्धं खाल्लेलं होतं!"

"आई, तू सांग. मी होतो की नाही?"

"पाणी उतरतंय," मी म्हटलं.

"हो गं, दोनच मिनिटं. पण मी होतो की नाही?"

खारूताई धक्क्याच्या खांबाकडे बघत होती. "आजी," ती हळूच म्हणाली, "खांबाचं शेवाळ दिसायला लागलं."

"ऐकलंत का? शेवाळ दिसायला लागलंय."

"ऐकलं," मुलगी म्हणाली. "दादा, तू विषय बदलू नकोस. तुला दर वेळी मधे यायचं असतं. मी गाडी शिकले तेव्हाही तू म्हणालास, तूच शिकवलीस."

"मीच शिकवली!"

"तू मला गाडी धुवायला शिकवलीस!"

सून म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा, पण मला एवढंच कळू द्या, मधे खोल किती आहे? म्हणजे पोरगी तिथे दमली तर?"

"दमली तर मी आहे," मुलगा म्हणाला.

"म्हणजे परत तूच!" मुलगी म्हणाली.

मी जन्मभर वर्गात चाळीस-पन्नास पोरं सांभाळली. त्यांतला एकही असा नव्हता. हाताची घडी, तोंडावर बोट म्हटलं की निदान श्वास घ्यायला तरी वेळ मिळायचा. इथे एक थांबला की दुसरी सुरू. आणि मधे ती पोर, एकदा बापाच्या तोंडाकडे, एकदा आत्याच्या तोंडाकडे, एकदा खांबाकडे बघणारी. शेवाळाच्या खाली शिंपल्यांचा पांढरा पट्टा आला होता.

शेवटी मुलगीच म्हणाली, "बरं. तीच वल्हवेल. जाताना आणि येताना. कोणी मधे बोलायचं नाही. हात वर."

तिचा हात वर. माझा तर होताच. सुनेने लेकीकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि हात वर केला. मुलाने छत्री या हातातून त्या हातात घेतली, बहिणीकडे एकदा बघितलं आणि त्याचाही हात वर झाला.

"ठरलं!" तो ओरडला. "चल गं खारूताई!"

मुलीने दोर सोडला. खारूताईने पाठ ताठ केली, वल्ही पाण्यात घातली आणि मी शिकवलं होतं तसं पाठीनं ओढलं.

होडी हलली नाही.

तिने पुन्हा ओढलं. वल्ह्याच्या टोकाला काळा गाळ लागून वर आला. तिसऱ्यांदा तिने एवढा जोर लावला, की फळीवरून उठलीच. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आजी, मी चुकतेय का?"

"जरा वल्हं खोल घाल," मुलगा म्हणाला.

"दोन्ही हात एकदम हलव," मुलगी म्हणाली.

"दमली ती. मी म्हणत होते ना?" सून म्हणाली.

आणि माझा संयम तिथे संपला. आयुष्यात मी मुलांवर फार क्वचित ओरडले असेन. पण ही मुलं नव्हती.

"एकानेही बोलायचं नाही!" माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "ती चुकत नाहीये! होडी गाळात बसलीये! तुम्ही होडीत बसून ठरवत बसलात आणि खालून पाणी निघून गेलं. एवढी माणसं, खुर्च्या, डबे... ही पोरगी काय, बैल जुंपले तरी हलणार नाही. उतरा!"



"उतरा म्हणजे?" सून म्हणाली. "इथे चिखल आहे."

"हो. म्हणूनच उतरा."

मुलाने घसा खाकरला. "आई, आपण असं करू. होडीवालीच्या पायऱ्यांपाशी पाणी असतं ना? होडी तिकडे ढकलत नेऊ आणि तिथून सगळेच बसू. कोणाकोणाला पटतंय? हात..."

"तुझा हात वर झाला तर मोडून ठेवीन."

तो उतरला. वीतभर पाणी आणि त्याखाली गुडघ्यापर्यंत गाळ. "आई गं!" तो म्हणाला. कोणाला म्हणाला कळलं नाही. मग मुलगी उतरली, मग सून, पिशवी डोक्यावर धरून. मी एकेक वस्तू त्यांच्या हातात दिली. खुर्च्या मुलीकडे, छत्री आणि डबा मुलाकडे. प्रत्येक माणूस उतरला की होडी जराशी वर यायची. खारूताईने वल्हं मारून बघितलं. होडी हातभर सरकली आणि परत टेकली.

ती माझ्याकडे बघत होती. काय करायला हवं हे तिलाही कळलं होतं, पण ती म्हणाली नाही. आजीला उतर कसं म्हणायचं?

मला त्या जागेवर बसून जायचं होतं, हे कशाला लपवू? दोघांच्या वेळी मी तिथेच बसले होते. आता गुडघे असे झालेत, की पुढच्या वर्षी होडीत चढवेल की नाही याची खात्री नाही. पण मी बसून राहिले असते, तर मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

"खुणा कुठल्या धरणार?" मी विचारलं.

तिने किनाऱ्याकडे बघितलं. "लांबची... होडीवालीच्या घराचं पांढरं दार. जवळची..." धक्का आडवा पसरलेला, त्यावर नेमकं असं काहीच नव्हतं. मग तिची नजर बापावर गेली. तो चिखलात उभा होता, हातात पट्ट्यापट्ट्यांची छत्री.

"बाबाची छत्री," ती म्हणाली.

"शाब्बास." मी मुलाच्या खांद्याला धरून उतरले. गाळ थंडगार होता. होडी एकदम मोकळी झाली आणि तरंगायला लागली. मी मुलाला दोन पावलं बाजूला नेलं, दार आणि छत्री कासवखडकाच्या रेषेत आणली. "छत्री उघड. उंच धर. आता इथून हलायचं नाही."

"पण ती एकटीच..." सून म्हणाली.

"मी आहे बाजूला!" होडीवाली ओरडली. ती तिच्या घराशी उभी राहून सगळं बघत हसत होती, आता आपली चपटी होडी घेऊन आली. "चल गं पोरी. तुझं घराणं बघून पोट दुखलं माझं."

खारूताईने वल्ही मारली. पहिल्या दोन वेळा पाणी आमच्या अंगावर उडालं, मग पाठ बरोबर चालायला लागली. होडी गाळावरून सुटली, हिरव्या पाण्यात गेली. तिचं तोंड आमच्याकडे होतं. आम्ही चौघं गुडघाभर गाळात, कोणी खुर्च्या पाण्याबाहेर धरलेल्या, कोणी पिशवी, कोणी छत्री. मी तोल सांभाळायला दोन्ही हात वर केले होते.

ती एकदम हसायला लागली. "सगळ्यांचे हात वर आहेत!" ती ओरडली.

पाण्याच्या मध्याशी गेली तेव्हा मुलगी पुटपुटली, "ती डावीकडे चाललीये."

"चालली नाहीये," मुलगा म्हणाला.

"अरे, दिसत नाही का? तू जरा इकडे सरक म्हणजे..."

तो तिला उत्तर द्यायला वळला. छत्री बाजूला गेली. लांब पाण्यावर होडीचं टोकही वळलं.

"बाबा!" पाण्यावरून आवाज आला. "हलू नका!"

तो जिथल्या तिथे ताठ झाला. छत्री परत जागेवर आली. मुलीने तोंड मिटलं. सुनेने पिशवी आणखी उंच धरली. होडीचं टोक हळूहळू खडकाकडे फिरलं. माझ्या आठवणीत आमचं घर एवढा वेळ कधीच गप्प बसलेलं नाही. दोघं बहीणभाऊ शेजारी शेजारी उभे होते आणि एकच गोष्ट बघत होते. मुलाच्या नाकावर माशी बसली होती. त्याने ती तशीच बसू दिली.

होडी खडकाला लागली. छोटी आकृती वर चढली, उभी राहिली आणि दोन्ही हात हवेत उंच केले. चौघंही ओरडलो. मुलगी रडत होती आणि खुर्चीने डोळे पुसायचा प्रयत्न करत होती.

"बघ," मुलगा म्हणाला, "अर्ध्या रस्त्यात रडतेसच तू."

"गप्प बस. हलू नकोस म्हणाली ना ती?"

"आता पोचली की. छत्री खाली करू का, आई? हात भरून आलाय."

खरं म्हणजे परत येताना खारूताई आमच्याकडे पाठ करून बसणार होती. खुणा खडकावरच्या धरणार होती आणि यायची होती होडीवालीच्या पायऱ्यांशी, इकडे नाहीच. छत्रीचा आता काडीचा उपयोग नव्हता.

"ती परत येईपर्यंत कोणी हलायचं नाही," मी म्हटलं, आणि गाळातून एकेक पाय उपसत, सावकाश पायऱ्यांकडे चालायला लागले.